चिंबोरीची पहिली थंडी

पनवेल
रविवार, ४ डिसेंबर १९८८

आई,

तीन वर्षांनी तुम्हाला पत्र लिहितेय. वर मायना काय घालायचा या विचारात दोन कागद फुकट गेले, म्हणून नुसतं आई लिहिलं. तुमच्याकडे पत्र आलं की पोस्टमन बुधाजी ओट्यावर बसून वाचून दाखवतात, हे मी विसरलेले नाही. तेव्हा बुधाजी, तुम्हालाही माझा नमस्कार.

काम एकच आहे. माझ्याकडे कुत्र्याचं पिल्लू आलंय आणि मला त्यातलं काही कळत नाही. तुम्हाला कळतं.

आमच्या चाळीच्या मागे एक इमारत उठतेय. तिथे विटा वाहायला हौसा म्हणून एक कातकरी बाई येते, कर्नाळ्याकडच्या वाडीवरची. विटांच्या ढिगाआड एक कुत्री व्याली होती. ती गेल्या आठवड्यात गोवा रोडवर ट्रकखाली गेली. मागे तीन पिल्लं राहिली. दोन नर होते, ते लगेच उचलले गेले. ही मादी, म्हणून कुणी हात लावेना. परवा हौसाने तिला फडक्यात गुंडाळून माझ्या पायरीवर आणून ठेवलं आणि म्हणाली, "बाय, तू एकटीच हायेस. ही पन एकटीच हाय." मी नको नको म्हणेपर्यंत ही आत शिरून स्टोव्हच्या टेबलाखाली जाऊन बसलीसुद्धा.

मुठीएवढी आहे. चालते तिरकी, पुढचे पाय एकीकडे आणि मागचे दुसरीकडे. हौसा तिला चिंबोरी, म्हणजे खेकडी, म्हणते, म्हणून मीही म्हणते.

दूध दिलं तर पोट बिघडलं. पहाटे गारठ्यात इतकी थरथरते की दात वाजल्यासारखा आवाज येतो. मी फोन ऑफिसात ड्युटीला गेले की दिवसभर रडते, शेजारी बोलायला लागलेत. काय करू?

माझ्या लग्नानंतरची पहिली थंडी आठवते का तुम्हाला? पिवळी कुत्री गोठ्यात व्याली होती. मी नवी सून, मला वाटलं तुम्ही तिला हाकलाल. तुम्ही तिच्यासाठी बाळंतिणीसारखी पेज शिजवलीत, आणि मला म्हणालात, "बघतेस काय पोरी? पेंढा आन." तोवर मला तुमची भीती वाटायची. पेंढ्याचा भारा घेऊन गोठ्यात शिरले आणि भीती गेली. त्या थंडीत आपण दोघी रोज सकाळी आधी गोठ्यात जायचो, चहा नंतर.

माझ्यावर राग असेल तर उत्तर देऊ नका. तो असायलाच हवा. पण पिल्लाचा त्यात काही दोष नाही.

संजना


पनवेल
रविवार, १८ डिसेंबर

आई,

कार्ड मिळालं. बुधाजींचं अक्षर पत्त्यावर पाहिलं आणि क्षणभर हात मागे घेतला. का, ते राहू दे. मग उभ्याउभ्याच वाचलं. "दूद बंद कर. भाताची पेज दे, मीठ नको. खाली पेंढा, वर गोनपाट. वीट शेकून फडक्यात गुंडाळ आनि कुशीला दे. आयचं पोट समजंल." तुम्ही बोललात तसंच्या तसं उतरवलंय त्यांनी. खाली आपल्या मनाने एक ओळ घातलीय, "आई बऱ्या आहेत, गुडघा दुखतो."

विटेचं ऐकून हौसा हसायला लागली. म्हणाली, "दिसभर माज्या डोक्यावर विटा, आनि हिच्या कुशीत पन वीट!" पण तिनेच चांगली भाजलेली, न फुटलेली वीट निवडून दिली. पहिल्याच रात्री पिल्लू विटेला पोट लावून जे झोपलं, ते उजाडेपर्यंत हललं नाही. आता मी डबा भरायला उठते तेव्हा आधी वीट स्टोव्हवर, मग चहा.

दुपारची जेवणाची सुट्टी झाली की हौसा येऊन तिला पेज घालते. किल्ली तिच्याकडेच देऊन ठेवलीय. शेजारच्यांनी नाकं मुरडली. मुरडू देत.

इथे सकाळी धुकं इतकं असतं की कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका आठ वाजेपर्यंत दिसत नाही. एस्टी स्टँडवर उरणकडच्या गाड्या उभ्या असतात, त्यांच्या काचा दवाने भरलेल्या. ड्युटीला जाताना मी त्या बाजूने जाते. फेरा पडतो, तरी जाते. त्याच गाडीने मी रोज सकाळी चिरनेरहून यायचे. तुम्ही अंधारात कंदील घेऊन मला फाट्यापर्यंत सोडायचात आणि गाडीतल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचात, "आमचे सुनेशिवाय पनवेलचा फोन वाजत नाय." मला लाज वाटायची. आता वाटतं, तेवढ्या अभिमानाने माझ्याबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही.

तुमच्या गुडघ्याला काय लावता?

संजना


पनवेल
रविवार, १ जानेवारी १९८९

आई,

गुरुवारी संध्याकाळी स्टँडवरून जात होते, तर उरण गाडीचा कंडक्टर ओरडला, "ओ फोनवाल्या मॅडम!" त्याच्या सीटखालून एक गाठोडं निघालं. वालाच्या शेंगा, करंजाच्या तेलाची बाटली आणि जुन्या लुगड्याचा तुकडा. सोबत चिठ्ठी नव्हती. तेल खरजेसाठी आहे ना? तिच्या कानामागे आहे, हे मी लिहिलंही नव्हतं. मी तसं धरून रोज लावते. लुगड्याचा तुकडा तिच्या गोणपाटावर घातला. तिने तो तासभर हुंगला, मग तोंडात धरून माझ्या अंथरुणावर आणला.

शेंगा घरात आल्या आणि मला पोपटीचा वास आला. तुमच्या शेतातली, माझ्या पहिल्या वर्षीची. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, मग पुन्हा पाला, आणि मडकं उलटं करून भोवती पेंढ्याचा जाळ. मडकं शिजलं कसं ओळखायचं, मी विचारलं. तुम्ही मडक्यावर पाण्याचा हबका मारलात, पाणी चर्रकन उडालं. "असं," म्हणालात. मी आजवर कुणालाच तेवढ्या कमी शब्दांत काही शिकवताना पाहिलेलं नाही. इथे एकटीसाठी कोण पोपटी लावणार? मी शेंगा मीठ घालून उकडल्या. हौसा आणि मी पायरीवर बसून खाल्ल्या. टरफलं चिंबोरीने पळवली.

ती आता सरळ चालते. नाव मात्र राहिलं. माझी एक चप्पल खाल्ली, शेजारच्यांच्या कुंडीतली तुळस उकरली, त्यांना मी नवी आणून दिली. मी ड्युटीवरून येते तेव्हा तिला वळणावरूनच कळतं. शेपटीबरोबर सगळं अंग हलतं आणि तोल जाऊन पडते.

यांचं पत्र आलं. बोट सिंगापूरला आहे, मार्चमध्ये मुंबईला लागेल. लिहितात, सुट्टीत पनवेलला येईन आणि एक दिवस चिरनेरला जाऊन येईन. एक दिवस. तीन वर्षं हेच चाललंय, तुमचा एकुलता मुलगा सकाळच्या गाडीने येतो आणि दुपारच्या गाडीने परत फिरतो. मी त्यांना कधी विचारलं नाही, थांबत का नाही म्हणून. विचारायची हिंमत नव्हती.

काल चिंबोरी पायरीवरून उतरायला शिकली. एक पाय खाली सोडते, घाबरते, मागे घेते. प्राजू तुमचा ओटा अशीच उतरायची, उलटी, पोटावर. आणि तुम्ही खाली हात धरून बसायचात, पण उचलायचा नाहीत. "उतरू दे. तिचा तिला यायला पायजे."

तिचं नाव लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. खोडत नाही.

संजना


पनवेल
मंगळवार, १७ जानेवारी

आई,

घाईत आहे. चिंबोरी फार आजारी आहे.

रविवारी जेवली नाही. काल सकाळी नाक गरम लागलं. माझी आठची ड्युटी. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाले. बघा, हात ठेवून निघाले.

साडेबाराला बोर्डवर होते. चार ट्रंक कॉल तटून होते, एक खोपोलीचा व्यापारी तर ओरडत होता. सुपरवायझर मॅडम मागे येऊन म्हणाल्या, "संजना, गेटवर एक बाई आलीय. तुझं नाव घेते आणि रडते." माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं. कुठलं, ते आज लिहीत नाही. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि तशीच पळत सुटले. मॅडम मागून काहीतरी म्हणत होत्या.

हौसा गेटला धरून उभी होती. डोक्यावरची चुंबळसुद्धा काढली नव्हती. "बाय, रगताचं हगते. पानी पन उलटतं."

घरी गेलो तर पिल्लू न्हाणीच्या कोपऱ्यात कागदासारखं पडलेलं. हौसाने हात जोडले. वयाने माझ्याहून मोठी बाई ती! "बाय, म्यां पेजच दिली. दुसरं काय नाय दिलं. माज्यावर घालू नको."

मी तिच्यासमोर खाली बसले. मग म्हटलं, "हौसा, तू होतीस तिच्यापाशी. मी नव्हते. तुझ्यावर कशी घालू?" तर ती रडायचीच थांबली आणि माझ्याकडे बघतच राहिली. तिला असं कुणी कधी म्हटलं नसावं.

गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, कुत्र्यांत हा नवा रोग आलाय, लहान पिल्लं बहुतेक जातात. सलाईन लावून बघू, तीन दिवस काढले तर काढले. पायाची शीर सापडत नव्हती. हौसाने पाय धरला, मी डोकं. आज परत न्यायचंय. रजा टाकलीय.

तुमच्याकडे काही उपाय असेल तर बुधाजींनी लगेच कळवावा. नसेल तर नुसतं कार्ड टाका, रिकामं असलं तरी चालेल.

संजना


पनवेल
शनिवार, २१ जानेवारी

आई,

चिंबोरी वाचली. काल सकाळी चार चमचे पेज पोटात ठेवली आणि संध्याकाळी उठून उभी राहिली. पाय काड्यांसारखे झालेत, पण उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, नशीब. हौसा म्हणाली, "नशीब कसलं, दोगींनी पकडून ठेवली."

आता दुसरं.

बुधाजी, पुढचं मनात वाचू नका. मोठ्याने वाचा. ओट्यावर कुणी बसलं असेल तर बसू द्या, उठवू नका. मी जे बोलले होते ते चारचौघांत बोलले होते. हेही चारचौघांत वाचलं जाऊ दे.

आई, ऑगस्ट पंच्याऐंशीचा तो बुधवार. प्राजूला सकाळीच कणकण होती. मला ठाऊक होतं. मी तिच्या कपाळाला हात लावला, बाटलीतलं औषध पाजलं आणि सातची गाडी पकडली. तुम्हाला म्हटलं, काही नाही, दात येत असतील.

दुपारी एकच्या सुमारास मॅडम म्हणाल्या, "संजना, चिरनेरच्या पोस्टातून फोन आहे, तुझ्या घरचा." त्या आठवड्यात तुम्ही दोनदा फोन केला होतात. एकदा ग्राइप वॉटर कुठे ठेवलंय म्हणून, आणि एकदा नुसतं मी जेवले का म्हणून. बोर्ड भरलेला होता. मला वाटलं, तसंच काही असेल. मी मागे वळूनही बघितलं नाही. म्हटलं, "सांगा, संध्याकाळी येते." आणि पुढचा कॉल जोडला.

बुधाजी, तो फोन तुम्हीच लावला होतात. निरोप तुम्हीच घेतला होतात. म्हणून तुमचं अक्षर पाहिलं की माझा हात मागे येतो.

आई, तुम्ही माझ्या शब्दावर थांबलात. मी शिकलेली, सरकारी नोकरीतली, मी संध्याकाळी येते म्हणाले म्हणजे तेवढं मोठं काही नसेल, असं धरून तुम्ही तिच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत बसलात. चारला आकडी आली. बुधाजींनी कुणाची तरी जीप थांबवली. तुमची जीप पनवेलकडे येत होती आणि माझी एस्टी चिरनेरकडे जात होती. वाटेत कुठेतरी आपण एकमेकींना ओलांडून गेलो. ती कुठे गेली, हे मला अजून माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

तुम्ही तिला घेऊन परत आलात तेव्हा अंगणात माणसं होती. सगळ्यांसमोर मी तुम्हाला म्हटलं, "तुमच्या भरवशावर टाकून गेले होते. तुम्ही बघत बसलात." बुधाजी पुढे झाले, त्यांनी तोंड उघडलं. आणि तुम्ही हात वर केलात. एवढंच. हात वर केलात आणि ते गप्प झाले.

मी पाहिला तो हात. मला समजलं होतं. त्या क्षणी समजलं होतं. आणि मी तुम्हाला तसंच राहू दिलं.

हे बाराव्याला बोटीवरून आले. त्यांना मी माझंच सांगितलं. फोनचं सांगितलं नाही. नंतर नोकरीचं, प्रवासाचं निमित्त करून पनवेलला येऊन राहिले. खरं म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर राहता येईना. आणि तुमचा मुलगा तुमच्या घरी एक दिवसापेक्षा जास्त थांबेनासा झाला. माझं मूल गेलं. तुमची नात गेली आणि वर मुलगाही गेला, आणि तो मी नेला.

सोमवारी हौसाने हात जोडले तेव्हा मला अंगण दिसलं. तुम्ही हातसुद्धा जोडले नव्हतेत.

यांनाही हेच सगळं आज लिहिलंय, बोटीच्या पत्त्यावर. ते पाकीट आधी पेटीत टाकून आले आणि मग हे लिहायला बसले, म्हणजे मागे फिरायला नको.

माफ करा असं लिहायला पाहिजे. लिहून बघितलं, शब्द फार लहान वाटला. तरी लिहिते. माफ करा.

संजना


पनवेल
रविवार, ५ फेब्रुवारी

आई,

बुधाजींचं कार्ड आलं. "पत्र मोठ्याने वाचले. चौघेजण होते. आई पत्र घेऊन आत गेल्या." बस. त्यानंतर आठवडाभर काही नाही.

मी उत्तर मागत नाही. पिल्लाचं तेवढं कळवते, कारण तुम्ही वाचवलेलं आहे. पेजेत आता थोडा सुका जवळा टाकते. उंच झालीय, कान अर्धे उभे राहिलेत, एक उभा आणि एक पडलेला. दवाखान्याच्या वाटेवर अजून बसून राहते, ओढत न्यावी लागते. हौसाचं काम संपत आलं, इमारतीला आता गिलावा चाललाय. पुढे कुठे जाशील म्हटलं, तर म्हणाली, "वीटभट्टीवर. तिकडं लांब. पन हिला भेटायला येन."

थंडी ओसरतेय. दुपारी पंखा लागतो. मागच्या आवारातल्या आंब्याला मोहोर आला आणि मला तुमचा न्हाणीमागचा रायवळ आठवला. मोहोर आला की तुम्ही खाली उभ्या राहून वर बघायचात आणि कुणाशी तरी बोलल्यासारखं म्हणायचात, "औंदा नीट धर." मी एकदा विचारलं, झाडाला कळतं का? म्हणालात, "नाय कळत. पन मला बरं वाटतं."

मलाही तेवढ्यासाठीच लिहावंसं वाटतं.

संजना


पनवेल
रविवार, १२ मार्च

आई,

तुम्ही निघताना म्हणालात, "बुधाजीला सगळं लिव. त्यानं साडेतीन वर्सं तोंड मिटून धरलंय, त्याला ऐकायचा हक हाय." म्हणून जे तुम्हाला माहीतच आहे ते मी लिहितेय. बुधाजी, हे तुमच्यासाठी.

बुधवारी माझी सुट्टी होती. दुपारी चिंबोरी अचानक दाराशी जाऊन भुंकायला लागली. तिचं भुंकणं अजून पिल्लाचंच आहे, मध्येच फाटतं. दार उघडलं तर पायरीवर आई. एका हातात काठी, दुसऱ्या हातात पिशवी, गुडघा धरून उभ्या. स्टँडपासून चालत आल्या होत्या. विचारत विचारत.

मला पाया पडायचंही सुचलं नाही. त्या म्हणाल्या, "आदी हिला गप कर. गाव गोळा व्हईल."

आत आल्या. पाणी प्यायल्या. मग खाली बसून चिंबोरीला पुढ्यात ओढलं, तोंड उघडून दात बघितले, कानामागे बोट फिरवलं, पोट दाबून बघितलं. ती कुणाला हात लावू देत नाही, पण आईंसमोर आडवी झाली. "बरी हाय," म्हणाल्या. "बारीक हाय, पन बरी हाय. तेल लावतेस नीट."

मी चहा ठेवायला उठले, तर म्हणाल्या, "बस गो. चा नंतर."

मी बसले.

"तो हात का वर केला, तुला म्हाईत हाय?"

मी म्हटलं, "मला वाचवायला."

"वाचवायला नाय." त्या चिंबोरीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या. "तू तवा आंगनात उभी व्हतीस ती माज्यावर रागावून उभी व्हतीस. तो राग काडून घेतला असता त तू पडली असतीस. दोगी पडलो असतो त उचलनार कोन? म्हनून ऱ्हाऊ दिला. मला वाटलं, म्हैना-दोन म्हैने लागतील. मग तू येशील, आनि बोलशील. तू आलीच नाय."

मला रडू आवरेना.

"तीन वर्सं लई झाली, पोरी," त्या म्हणाल्या. "माजा राग त्या दिवसाचा नाय. या तीन वर्सांचा हाय. माजा परभा येतो, ताटावर बसतो, माज्याकडं बघत नाय. मी त्याला कसं सांगू? सांगितलं त तुजा संसार जातो. नाय सांगितलं त माजा पोर जातो. रोज इचार करायची, आनि रोज गप बसायची."

मी म्हटलं, "तुम्ही सांगायला हवं होतंत."

"तू सांगायला हवं व्हतंस," आई म्हणाल्या. पहिल्यांदा माझ्याकडे बघून. आवाज चढला नव्हता, पण मी तो विसरणार नाही. बुधाजी, त्यांनी मला लगेच माफ केलं असं समजू नका. तसं नाही झालं.

मग मी विचारलं, जे कधी विचारलं नव्हतं. "कुठे गेली ती?"

"दिघोड्याच्या पुलाव," म्हणाल्या. "माज्या मांडीव. डोले उगडे व्हते. घाबरली नव्हती. मी तिला सांगत व्हते, आय समोरून येतेय."

मग त्यांनी मला जवळ घेतलं. मी घेतलं की त्यांनी, ते नीट आठवत नाही. चिंबोरीला वाटलं आम्ही भांडतोय, ती मध्ये शिरून दोघींचे हात चाटत बसली.

आई दोन दिवस राहिल्या. हौसाला भेटल्या. भट्टीवर जाण्याआधी ती चिंबोरीला बघायला आली होती. दोघी पायरीवर बसून गुडघ्यावर काय लावायचं, यावर वाद घालत होत्या. शुक्रवारी सकाळी मी आईंना उरण गाडीत बसवून दिलं. गाडी सुटताना खिडकीतून म्हणाल्या, "हिला आता घरात कोंडू नको. थंडी गेली."

बुधाजी, हे झालं तुमचं. आता आईंसाठी.

आई, तुम्ही गेलात त्याच दुपारी यांचं पत्र आलं. मी ते फोडायच्या आधी हात धुतले, का कोण जाणे. आत दोनच ओळी आहेत. "तुझं पत्र मिळालं. बोट सोळाला मुंबईत लागते. शनिवारी दुपारच्या गाडीने, सामान घेऊन मी आधी आईकडे जातो." पुढे माझ्याविषयी काही नाही. रागाचंही नाही. सही आहे.

तीनदा वाचलं. नंतर मनात आलं, आधी आईकडे, हे त्यांनी साडेतीन वर्षांत पहिल्यांदा लिहिलंय. त्यानंतर कुठे जायचं, ते त्यांना ठरवू दे. मी या खेपेला येत नाही. तुम्हा दोघांमध्ये मी फार दिवस उभी होते. माझ्याविषयी काय बोलायचं ते मोकळेपणाने बोला. माझी बाजू घेऊ नका, आणि त्यांनी काही विचारलं तर हात वर करू नका. सगळं सांगा. होळीला बोलावलंत तर चिंबोरीला घेऊन येईन, नाही बोलावलंत तरी पत्र लिहीन.

ते शनिवारी दुपारच्या गाडीने चिरनेरला येतायत, पनवेलला न उतरता. सामान घेऊन येतायत, म्हणजे राहणार. भात जास्त लावा.

संजना